मनकर्णाबाईचं लाल शेवाळ

१२ जून २०२४

मनकर्णाबाई,

वर तीर्थरूप लिहायचं असतं, शाळेत तसंच शिकवलं व्हतं. ते मी लिहिणार न्हाई. वसराम मामानं तुझा दर्याकाठचा पत्ता दिला. फोन नंबर बी देत व्हता, म्या म्हणलं नको. तुझा आवाज मला ऐकायचा न्हाई.

मी शिवकन्या. कोणती म्हणून आठवत बसू नको, तुला एकच पोरगी व्हती. कुरुंद्याला आठ वर्षाची टाकून तू हट्ट्याच्या बाजारात सुकट विकणाऱ्याच्या मागं निघून गेलीस, ती. आता बावीस वर्षाची हाय. सातवी झाली अन् शाळा सुटली. औंढ्याकडं दिलंय मला. नवऱ्याचं नाव प्रभू. घरची सत्तर मेंढरं हायेत, वीसेक शेरडं. सासू सोजराबाई. लग्नात तिनं इचारलं पोरीची माय कुठंय, तर आपल्याच एका बाईनं सांगितलं सुकट आणायला गेली, यायची हाय अजून. मांडवात समदे हसले. मी बी हसले. रडून काय करू.

लिहायचं कारण एकच हाय. मला पोरगी झाली. मोहिनी. सहा महिन्याची. जन्मली तव्हापासून रडतच नव्हती. समदं गाव म्हणायचं, काय गुणी लेकरू हाय. सोजराबाई बायांना बोलवून दाखवायची. दूध प्यायला बी उठवावं लागायचं. जीभ तोंडात मावत नव्हती. बेंबी वर आलेली. कावीळ दोन महिने हटंना. गावातली आशाताई निर्मलाबाई, ती मागंच लागली अन् आमाला नांदेडला घेऊन गेली. तिथं रक्त घेतलं. डॉक्टरीणबाईनं सांगितलं, गळ्यात एक गाठ असती, तिच्या जोरावर लेकराचं डोकं वाढतं, अंग वाढतं. हिची ती काम करत न्हाई. रोज सकाळी उपाशीपोटी गोळी चमच्यात चुरून द्यायची. जन्मभर. बंद केली तर लेकरू येडं राहील.

तव्हापासून चमच्यात चुरा राहिला का ते मी दोनदा बघते.

आता त्यांनी इचारलंय, दोन्हीकडच्या घरात कोणाला गळ्याचं दुखणं व्हतं का. प्रभूनं त्याच्याकडचं सांगितलं. माझ्याकडचं मला काय म्हाईत? समदे माझ्या तोंडाकडं बघून राहिले. मला इतकंच आठवलं, की तू उन्हाळ्यात बी गळ्याला पदर गुंडाळून बसायचीस.

तर एका ओळीत लिही. व्हतं का नव्हतं. बाकी काही लिहू नको अन् काही पाठवू नको.

शिवकन्या


२ जुलै २०२४

मनकर्णाबाई,

एक ओळ मागितली तर तू पार्सल पाठवलंस.

पोस्टमननं दारात ठेवलं अन् नाक धरून उभा राहिला. सोडलं तर आत काय, जांभळट लाल गुंता. मेलेल्या मेंढीची लोकर गुळाच्या पाण्यात बुडवून वाळवली तर अशी दिसंल. वास तर सुकटाचाच. सोजराबाई म्हणली, तुझ्या मायनं दर्याचा केर पाठवला का गं? आमी बकरं खातो, मासळी आमच्या चुलीवर चढत न्हाई. तुला म्हाईत व्हतं ते. इसरली असशील.

चिठ्ठी वाचली. अक्षर कोणा शाळेतल्या पोरीचं दिसतं, बोलणं तुझं. माझ्या जन्मानंतर तुझा गळा सुजला. लिंबाएवढा झाला, मग पेरूएवढा. कुरुंद्यात तुला गाठोडंवाली म्हणायचे. बाबानं दवाखाना केला न्हाई. मग त्या सुकटवाल्याच्या मायनं तुला हे लाल शेवाळ शिजवून खाऊ घातलं अन् वर्षात गळा उतरला. बरं झालं. गळा उतरला तव्हा परत यायचं व्हतं. गळ्याला पाय बांधले नव्हते.

पुढं तू लिहितेस, हे बाळंतिणीला देतात. खोकल्याला बी देतात. जंताला देतात, पोट साफ व्हायला देतात, गळ्याला तर देतातच. ओल्या नारळासंगं याची चटणी बी व्हती अन् दुधात वडी बी व्हती. औंढ्याच्या जत्रेत खडे विकणारा बसतो, तो बी इतक्या दुखण्याला एकच खडा देत न्हाई. लाज वाटंल त्याला. तू आता बायांच्या गटात काम करून राहिलीस म्हणे, बांबूच्या तराफ्याला दोऱ्या बांधून दर्यात शेवाळ वाढवता. म्हंजी शेती करतेस. इथं हळद लावायची तर कंबर दुखायची तुझी.

डॉक्टरीणबाईला तुझ्या गळ्याचं सांगीन. तेवढ्या कामाचं निघालं तुझं पत्र.

ते शेवाळ शेरडांपुढं टाकलं. खारट व्हतं तर त्यांनी चाटूनपुसून खाल्लं. त्यांना काय कळतं.

एक इचारायचं व्हतं. किती घेऊन किती भिजवायचं ते तू लिहिलंच न्हाईस. मला नकोय. आशाताईनं सहज इचारलं म्हणून लिहिते.

शिवकन्या


२४ जुलै २०२४

मनकर्णाबाई,

तुझं दुसरं पार्सल आलं. तू ऐकत न्हाईस हे बाबा बराबर सांगायचे.

यावेळी करायची रीत लिहिलीस ते बरं केलंस. मूठभर घ्यायचं, चार पाण्यानं धुवायचं, रातभर भिजवायचं. सकाळी बघितलं तर त्याचं पार रूप बदललेलं. लाली गेली, फुगलं, बुळबुळीत झालं. हातात धरलं तर धरवंना. मग उकळलं. उकळून उकळून इरघळलं, कपड्यातून गाळलं. पहिल्या टायमाला गूळ दुधासंगंच टाकला तर दूध फाटलं. तू लिहायला पाहिजे व्हतं की गूळ नंतर टाकायचा. इतकं सोपं सांगता येत न्हाई तुला. दुसऱ्या टायमाला साखर टाकली अन् ताटात ओतलं. दोन तासात थरथर करणारी वडी झाली. वास बी गेला बराच. वसमतच्या दुकानात चायना ग्रास मिळतं, पांढऱ्या पट्ट्या, लग्नात त्याचं गोड करतात. प्रभू तिकडं गेला व्हता, दुकानदार त्याला म्हणला ते बी अशाच शेवाळापासून व्हतं. म्हंजी तू काही जगायेगळं पाठवलं न्हाईस.

सोजराबाईला न सांगता दिली. तिनं तीन वड्या खाल्ल्या. मग सांगितलं कशाची हाय, तर थुंकायला बाहेर पळाली. थुंकून आली अन् चौथी उचलली. म्हणली, आता बाटलेच हाय तर पोट तरी भरू दे.

तुझा गळा उतरायला किती दिवस लागले? वर्ष लिहिलंस, पण फरक कव्हा दिसायला लागला? महिन्यात का दोन महिन्यात? नेमकं लिही. गोल गोल लिहू नको.

इथं समदं ठीक हाय. मोहिनी मधी लई किरकिर करायला लागली व्हती, गोळी चालू झाली तव्हापासून. हात पाय झाडायची, घर डोक्यावर घ्यायची. सोजराबाई म्हणायची, गुणी लेकराला गोळीनं खवीस करून ठेवलं. अन् गोळीवर जगणारी पोरगी पुढं करंल कोण? तिचं तोंड बंद व्हत न्हाई. आता मोहिनी शांत झालीय. चांगली झोपती. तुझ्या शेवाळाला गुण हाय का न्हाई ते मी सांगणार न्हाई, तू लगेच फुगशील.

पाऊस लई झाला. दोन कोकरं पोट फुगून गेली. प्रभूचा एक कायदा हाय. कोकराला झाडपाला पाजला की डॉक्टरचं औषध बंद. डॉक्टरचं दिलं की झाडपाला बंद. दोन औषधं एका पोटात भांडतात अन् कोकरू मरतं, म्हणतो. त्याला मेंढरातलं कळतं. माणसात तो बोलतच न्हाई.

नांदेडला तपासणीला बोलवलंय. पाऊस उघडला की जाऊ. घाई न्हाई.

शिवकन्या


११ ऑगस्ट २०२४

मनकर्णाबाई,

तुला शिव्या लिहायला बसले व्हते. दोन कागद फाडले. हा तिसरा.

पहिलं शेवाळ म्या शेरडांना टाकलं म्हणून लिहिलं, ते खोटं हाय. एक मूठ टाकलं. बाकीचं पत्र्याच्या डब्यात ठेवलं. आशाताईनं काही इचारलं नव्हतं. मीच इचारत व्हते.

पाच जुलैपासून मी मोहिनीची गोळी बंद केली. कोणाला सांगितलं न्हाई. सकाळी उपाशीपोटी, बराबर गोळीच्या टायमाला, पहिलं तुझं शेवाळ अंदाजानं उकळून तिला द्यायचे, तुझी रीत आल्यावर वडी दोन बोटांनी चुरून. प्रभूचा कायदा डोक्यात व्हता, दोन औषधं भांडतात. अन् तुझा गळा उतरला व्हता. तुझा उतरला तर हिचा काहून बरा होणार न्हाई? मला वाटलं दोन महिन्यात लेकरू बरं होईल, मग नांदेडला घेऊन जाईन अन् सांगीन, बघा, जन्मभराची गोळी मपल्या लेकरानं दोन महिन्यात सोडली. सोजराबाईला बी सांगीन. मांडवात ज्या मायवरून हसलात तिनंच बरं केलं म्हणून सांगीन. असं बी एकदा मनात आलं. आता लिहिताना माझीच मला किळस येऊन राहिली.

ती शांत झाली तव्हा मी खूश झाले. तुला लिहिलं बी तसं. मग अंग गार पडायला लागलं. सहा दिवस शी झाली न्हाई. आवाज घोगरा झाला, म्हाताऱ्या बाईसारखा. सोजराबाई म्हणली, बघ, परत पहिल्यासारखं गुणी झालं लेकरू.  पहिल्यासारखं. परवाच्या मंगळवारी ती दूध ओढीना. ठसका लागला अन् निळी पडली. प्रभूनं मेंढरं तशीच सोडली रानात. जीप केली अन् नांदेड गाठलं.

डॉक्टरीणबाईनं इचारलं गोळी चालू हाय का. म्या म्हणलं व्हय. रोज. रक्ताचा कागद आला, तो वाचून त्या माझ्याजवळ येऊन बसल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"कागद खोटं सांगत नाही, बाई. किती दिवस बंद आहे?"

म्या सांगितलं, बत्तीस दिवस. शेवाळाचं सांगितलं, दोन औषधं भांडतात ते बी सांगितलं. प्रभू दाराला टेकून उभा व्हता. त्याला यातलं काहीच म्हाईत नव्हतं. तो माझ्याकडं बघत बी नव्हता, खाली फरशीकडं बघून म्हणला,

"आगं, ते कोकराचं व्हतं."

 तव्हापासून नीट बोलला न्हाई.

डॉक्टरीणबाईनं मला समजावून सांगितलं, सातवी शिकलेल्या बाईला समजंल असं. म्हणल्या, तुमच्या मायच्या गळ्यात गिरणी व्हती पण दळायला दाणा नव्हता, म्हणून गिरणी सुजली. दर्याच्या शेवाळात तो दाणा असतो. तो पोचला, गळा उतरला. आता तोच मिठातून बी मिळतो. तुमच्या लेकराच्या गळ्यात गिरणीच न्हाई. जन्मतःच न्हाई. पोतं आणून ओतलं तरी दळणार कोण? तिला पीठच द्यावं लागतं, ती गोळी म्हंजी पीठ. अन् त्या शेवाळात तो दाणा किती असतो याचा बी काही भरोसा न्हाई, इतक्या लहान लेकराला तर ते द्यायचंच न्हाई.

मग त्यांनी इचारलं, हे लेकराला द्या म्हणून सांगितलं कोणी. म्या तुझं नाव घेतलं. पिशवीत तुझी पहिली चिठ्ठी व्हती, ती काढून दिली. दाखवायचीच व्हती, तुला शिव्या खायला लावायच्या व्हत्या. त्यांनी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. परत वाचली. मग एका ओळीवर बोट ठेवून माझ्यापुढं धरली.

"हे तर तुमच्यासाठी पाठवलंय. 'शिवकन्या, तू खा, अंगात ताकद येईल, दूध येईल. लेकराचं डॉक्टर सांगतील तसंच कर.' असं लिहिलंय इथं."

ती ओळ मी शंभरदा वाचली असंल, मनकर्णाबाई. तू खा म्हणून लिहिलं व्हतं. मला ते दिसलंच न्हाई. तू काही पाठवलं अन् ते माझ्यासाठी असंल, हे माझ्या डोक्यात बसलंच न्हाई. मला वाटलं नातीसाठीच असणार. नातीनं तुझं काही पाहिलेलं न्हाई, तिच्यापुढं चांगलं व्हायला सोपं.

म्हंजी यात तुझी चूक न्हाई. हे लिहायला मला लई जड गेलं, तवा नीट वाचून घे. परत लिहिणार न्हाई. पण चौदा वर्षापूर्वीची हाय ती हायेच. ती यात फिटत न्हाई.

गोळी चालू केली. आता वाढवून दिलीय. चौथ्या दिवशी मोहिनी रडली. पहिलं थोडं, मग असं रडली की बाजूच्या खाटेवरची बाई म्हणली, काय तकलीफ हाय हिला, झोपू देईना. मी त्या बाईच्या पाया पडायचीच राहिले.

बत्तीस दिवसात काय नुकसान झालं, ते आता कळत न्हाई म्हणे. चालायला लागल्यावर, बोलायला लागल्यावर कळंल. तवर मी रोज तिच्या तोंडाकडं बघणार. ही बराबर बघून राहिली का, हसून राहिली का, का मी काही काढून घेतलं तिच्यातलं. बाकीचं शेवाळ म्या उकिरड्यावर टाकलं. माझ्यासाठी पाठवलं म्हणालीस तरी टाकलं. घशाखाली उतरलं नसतं.

शिवकन्या


१८ ऑक्टोबर २०२४

मनकर्णाबाई,

तुझं पत्र मिळालं. लेकराला घेऊन तिकडं ये म्हणतेस, दर्याची हवा चांगली, घरात जागा हाय, सुकटवाला बी आता थकलाय अन् माझी वाट पाहतो. त्याला सांग वाट पाहू नको. एक लेकरू कुरुंद्याला टाकलंस, आता दुसऱ्याला हवा दाखवतेस. तपासणी नांदेडला हाय. मी कुठं येत न्हाई.

इथलं सांगते. दसऱ्यानंतर मेंढरं बाहेर निघाली. दरसाल मी संगं जाते. चार महिने शेताशेतानं बसायचं, भाकरी करायच्या, कोकरं सांभाळायची. यंदा सोजराबाईनं ठरवलं की लेकरू तिच्याजवळ ठेवायचं अन् मी जायचं. गोळी देशील का म्हणून इचारलं. तर म्हणली, देईन गं, आठवण झाली की. आठवण झाली की, असं म्हणली. म्या सांगितलं मी जाणार न्हाई. तिनं भांडी आदळली. प्रभूला म्हणली, बायकोला तिच्या बापाकडं धाड, नाहीतर तिच्या मायकडं. प्रभूनं आईला इचारलं, तुला भाकरी करता येतात ना? अन् तिलाच संगं घेऊन गेला. जाताना गोळ्यांचा डबा फळीवरून काढून माझ्या हातात दिला. बोलला न्हाई. पण डबा हातात दिला.

मोहिनी दहा महिन्याची झाली. मागच्या तपासणीला कागद चांगला निघाला. आता टेकून बसती. आशाताईची पोरगी या वयात रांगत व्हती, ही रांगत न्हाई. डॉक्टरीणबाई म्हणली घाबरू नका, उशिरा करंल. मी घाबरते. घाबरून काय करायचं ते मला कोणी सांगितलं न्हाई.

घरात आता आमी दोघीच. पहिले दोन दिवस मला लई बरं वाटलं. मग परवा सकाळी गोळी चमच्यात चुरली अन् मधी दारात शेजारीण आली, बोलत बसले. परत आले तर चमचा रिकामा. दिली का सांडली, आठवंना. परत दिली तर दुप्पट होईल, न्हाई दिली तर चुकंल.  आशाताईकडं पळाले. तिनं डॉक्टरीणबाईला फोन लावला. त्या म्हणल्या आज राहू द्या, उद्यापासून नेमानं द्या. इतकीशी गोष्ट. पण मी दिवसभर चुलीपुढं बसून राहिले, चूल पेटवली न्हाई.

मी एकदा हिच्याशी खोटं खेळले, अन् बत्तीस दिवस घरात कोणाला कळलं न्हाई. परत काही शिरलं माझ्या डोक्यात तर अडवायला घरात कोण हाय?

म्हणून लिहून राहिले. तू ये. तुझ्यावर माझा भरोसा बसला असं समजू नको. माझाच माझ्यावरचा उडालाय. गोळी मी देणार. तू समोर बसायचं अन् बघायचं, दिली का न्हाई. मी लबाडी केली तर मोठ्यानं बोलायचं, शेजारी ऐकू गेलं तरी चालंल. लेकराला उचलायचं न्हाई, मी म्हणीन तव्हाच. तू काहून गेलीस ते मला सांगत बसायचं न्हाई. मेंढरं परत आली की तू निघायचं.

औंढ्याच्या स्टँडवर उतर. आमच्या गावाचे ऑटो मंदिराच्या बाजूनं निघतात. ऑटोवाला इचारंल कोणाकडं जायचं. शिवकन्याची माय हाय म्हणून सांग. तो हसंल. सुकट आणलंस का म्हणून इचारंल. हसू दे त्याला, तू खाली उतरू नको. आमच्या दारापर्यंत बसून ये.

शिवकन्या